नणंदेवर दोन पानं

४ फेब्रुवारी

आज ठरवलं. पेपर लिहायचा, एकटीच्या नावावर लिहायचा, आणि ज्या जर्नलमध्ये बारकीचा छापून आला त्याच जर्नलला पाठवायचा. दुसरीकडे पाठवला तर अर्धी मजा गेली.

निमित्त असं झालं. सकाळी मी चहा ठेवला होता आणि आई, म्हणजे सासूबाई, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आमची बारकी पाण्याची शास्त्रज्ञ आहे ना! जमिनीखालचं पाणी किती वर्षांचं जुनं ते ती सांगते." पलीकडून सुनेची चौकशी झाली असावी, कारण आई म्हणाल्या, "ती पण पाण्याचंच काहीतरी करते. कॉलेजात." पाण्याचंच काहीतरी! जशी काही मी नळ दुरुस्त करते. चहा उतू गेला आणि वर तेही मीच पुसलं.

बारकी माझी नणंद. घरातली शेंडेफळ म्हणून बारकी, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे तरी बारकीच. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बारावीत होती आणि रसायनशास्त्रात गटांगळ्या खात होती. ह्याच जेवणाच्या टेबलावर बसवून मी तिला द्रावणं आणि समीकरणं शिकवली. मोल म्हणजे काय ते हिला तीनदा सांगावं लागलं होतं. आज ती मोठ्या संस्थेत आहे, विमानानं परिषदांना जाते, टीव्हीवर दिसली. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुते. म्हणजे प्राध्यापक आहे तशी, पण आज असंच लिहावंसं वाटतंय.

माझ्याकडे विहिरी आहेत. शहराबाहेरच्या शेतांतल्या विहिरींचं पाणी मी नऊ वर्षं तपासतेय, दर मोसमात स्वतः जाऊन बाटल्या भरून आणते. एवढे आकडे बारकीच्या अख्ख्या संस्थेकडे नसतील. तेव्हा बघूच.

९ फेब्रुवारी

पेपर लिहायचा तर आधीच्या अभ्यासांचा उल्लेख करावा लागतो, आणि आमच्या भागात आधीचा अभ्यास म्हणजे दुसरा कुणाचा असणार! उघडला एकदाचा बारकीचा पेपर. पहिला परिच्छेद वाचला. इतकं सुरेख लिहिलंय की दुसऱ्या परिच्छेदावर पोटात दुखायला लागलं, खरंच दुखलं, ओवा खाल्ला. बाकीचं नाही वाचलं. सरळ तक्त्याकडे गेले.

आणि काय सांगू!

तिचा पेपर पाण्याच्या वयावर आहे, पण तक्त्यात एक रकाना नायट्रेटचा आहे. नायट्रेट म्हणजे शेतात टाकलेल्या खतातून झिरपून विहिरीत उतरतं ते. फार झालं तर पाणी पिण्यालायक राहत नाही, तान्ह्या मुलांना तर विषच. चार-पाच वर्षांपूर्वी तिच्या लोकांनी माझ्याच काही विहिरींचं पाणी नेलं होतं. त्यातल्या एका विहिरीत त्याच मोसमातलं माझं नायट्रेट तीस येतं, तिचं सहा पूर्णांक आठ. दुसरीत माझं वीस, तिचं साडेचारच्या आसपास. तिसरीत माझं छत्तीस, तिचं आठ!

प्रत्येक ठिकाणी तिचा आकडा माझ्या पाव हिश्श्याहूनही कमी. मी माझे आकडे परत तपासले. उपकरण बरोबर, नोंदी बरोबर. म्हणजे बारकी चुकली. छापील, नामवंत जर्नलमध्ये, सगळ्या जगासमोर चुकली.

संध्याकाळी भांडी घासताना मी गाणं म्हणत होते म्हणे. नवरा येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून.

१० फेब्रुवारी

अजूनही चुकलेलीच आहे. सकाळी उठून परत पाहिलं.

२३ फेब्रुवारी

मसुदा गाळणीला वाचायला दिला. गाळणी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिच्या हातून काहीही गेलं तरी गाळूनच जातं, म्हणून मुलांनीच तिला हे नाव ठेवलंय. तिला ते माहीत आहे आणि आवडतं.

दुपारी तिनं कागद परत आणून ठेवले आणि म्हणाली, "प्रस्तावना ठीक. पद्धती ठीक. पण मला एक सांग, हा पेपर विहिरींवर आहे की नणंदेवर?"

"म्हणजे?"

"आधीच्या अभ्यासाशी तुलना म्हणून लोक एक परिच्छेद लिहितात. तू दोन पानं लिहिलीयेस. शीर्षकात तेच, सारांशात तेच, मोठा आलेखही तोच. नणंदेवर दोन पानं आणि विहिरींवर, थांब, मोजायला गेले तर राग येईल तुला."

राग आलाच. मी म्हटलं, विहिरींचे आकडे काय, आहेतच की तक्त्यात. नव्यानं काय सांगायचं त्यात? नवं म्हणजे हे, की छापून आलेलं चुकीचं आहे. जर्नलवाल्यांना नवं लागतं.

"बरं बाई," गाळणी म्हणाली. "तिला एकदा विचारलंस का, तिचे आकडे असे का म्हणून?"

तिला विचारू? मी? म्हणजे ती मला समजावणार, "अगं वहिनी, त्याचं असं आहे बघ," आणि मी टेबलाच्या ह्या बाजूला बसून ऐकणार! नाही जमायचं. गाळणीला नणंद नाही, तिला काय कळणार.

७ मार्च

माझे आकडे फार पसरलेले दिसत होते. नऊ वर्षं, दर वर्षी तीनदा, इतक्या विहिरी. आलेखात नुसतं मुंग्यांचं वारूळ. बारकीच्या आकड्याशेजारी ठेवायला काहीतरी सुटसुटीत हवं. म्हणून प्रत्येक विहिरीची नऊ वर्षांची सरासरी काढली. आता कसं छान दिसतंय! एकीकडे तिची बुटकी काडी, शेजारी माझी उंच काडी. लाल रंग मी घेतला, तिला राखाडी दिला.

ठळक मुद्दे लिहायचे असतात पेपरच्या आधी, आणि प्रत्येक मुद्द्याला अक्षरांची मर्यादा. "पूर्वप्रसिद्ध अभ्यासातील मूल्ये अविश्वसनीय" एवढंच बसलं पहिल्यात. पुरेसं आहे.

१५ मार्च

पाठवला.

पाठवणं हे लिहिण्याहून किचकट. सगळा दिवस गेला. संदर्भांत स्वल्पविराम कुठे आणि अर्धविराम कुठे ह्यावरून दोनदा परत आला. मग संपादकांना पत्र. मग एक रकाना: हितसंबंधांचा काही संघर्ष आहे का? मी तिथे बराच वेळ थबकले. आमची आडनावं वेगळी, ते काही शोधायला येणार नाहीत. आणि नणंद म्हणजे काही हितसंबंध नव्हेत, झालेच तर अहितसंबंध. "नाही" वर खूण केली.

त्याच्याच खाली होतं, कुणाकडे हा पेपर तपासायला पाठवू नये असं वाटतं का? तेही कोरं सोडलं. खरं सांगायचं तर तो तिच्याकडेच जावा असं मला वाटत होतं. तिच्या डोळ्यांपुढे शीर्षक यावं, खाली माझं नाव यावं, आणि तिला कळावं की पाण्याचंच काहीतरी करणारी बाई काय करते ते. हे मी इथेच लिहू शकते, दुसरीकडे कुठे नाही.

घरी कुणाला काही बोलले नाही. छापून आल्यावरच दाखवायचा. नवऱ्याला तेवढं सांगितलं की पेपर पाठवलाय. कशावर ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२ एप्रिल

बारकीचा फोन. एरवी आईंच्या फोनवर करते, आज माझ्यावर केला.

"वहिनी, कशी आहेस?"

"मजेत."

मग म्हणाली, "काही लिहितेयस का सध्या? म्हणजे, कुठे पाठवलं बिठवलंयस का?"

मी म्हटलं, "का गं?"

"काही नाही, सहज. पाठवलेला पेपर मागे घेता येतो, एवढंच. म्हणजे कुणालाही. कधीही. कुणी कारणसुद्धा विचारत नाही."

"तू घेतलायस का कधी?"

"दोनदा," ती म्हणाली. मग म्हणाली, आई कशी आहे, दादा कसा आहे, आणि ठेवला.

अस्सं! म्हणजे घरातून बातमी गेली. घाबरली! माझा पेपर मी मागे घ्यावा म्हणून हा गोड बोलण्याचा प्रकार. संध्याकाळी नवरा घरात शिरला तसा त्याला धरला. "तुला काय गरज होती बहिणीला सांगायची?"

"काय सांगायची?"

"पेपरचं!"

"अगं, मी महिनाभरात तिच्याशी बोललोसुद्धा नाही."

"मग तिला स्वप्न पडलं?"

तो शपथ घ्यायला लागला. बहीणभाऊ एका माळेचे. दोन दिवस अबोला धरायचा ठरवलाय, पण उद्या गॅस संपतोय, बोलावं लागणार.

२० एप्रिल

बारकी दोन दिवसांसाठी आली. आल्याआल्या आईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, एवढी मोठी बाई. आई तिच्या केसांतून हात फिरवत मला म्हणाल्या, "किती वाळली बघ कामानं." मी पण कामानं वाळतेच की, पण माझं वाळणं बहुतेक दिसत नाही.

दुपारी मी कांदा चिरत होते तर ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. सुरी घेतली माझ्या हातातून, स्वतः चिरायला लागली. नंतर खाली मान घालूनच म्हणाली, "वहिनी, माझा तो पेपर वाचलास का तू?"

"वाचला की."

"अख्खा?"

"अख्खा."

"टिपांसकट?"

बघा! बाईसाहेबांच्या तक्त्याखालच्या टिपासुद्धा पाठ करायच्या आता. मी म्हटलं, "टिपांसकट, पानांच्या आकड्यांसकट, शेवटच्या टिंबासकट. परीक्षा घेणार आहेस का?"

तिनं पुढचा कांदा घेतला. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. सवय नाही ना कांद्याची, विमानात कांदे चिरावे लागत नाहीत.

निघताना पायांत चपला घालताना परत माझ्याकडे बघत होती, काहीतरी ओठांवर आल्यासारखं. मी दार उघडून दिलं.

१८ मे

आलं! संपादकांचं पत्र आलं! किरकोळ दुरुस्त्या करा, आम्ही छापायला तयार आहोत. मी कॉलेजच्या जिन्यातच उभी राहून वाचलं.

दोन परीक्षकांचे अभिप्राय आहेत. एकानं लिहिलंय, "धाडसी आणि आवश्यक तुलना." धाडसी! हे मी चारदा वाचलं. दुसरा जरा किरकिऱ्या आहे, म्हणतो एवढ्या वर्षांच्या नोंदी असताना वर्षागणिक बदल का दाखवला नाही, सरासरीत काय कळणार. असतात असेही. त्याला एका ओळीत गुंडाळीन.

घरी येऊन सांगितलं. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. आई टीव्ही बघत होत्या, त्यांनी आवाज बंद केला. टीव्ही बंद केला नाही, पण आवाज बंद केला, हे मी नमूद करून ठेवते.

"बारकीचा आला होता त्याच्यातच?"

"त्याच्यातच."

"अगंबाई," आई म्हणाल्या, आणि मला जवळ बोलावून माझ्या गालावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी आत जाऊन थोडी रडले. नेमकं कशाला रडू आलं ते कळलं नाही.

२० मे

आईंचा फोन सकाळपासून चालू आहे. "सुनेचा पण आला हं! नाही नाही, सोपं नसतं, परदेशातले लोक तपासतात." शेजारच्या काकूंना जिन्यात गाठून सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, छान, उद्यापासून एक पिशवी जास्त टाकू का.

हे असं असतं तर. बारकीला हे कायम मिळत आलंय. आता कळलं ती इतकी ताठ का चालते.

पेपरात नेमकं काय आहे ते आईंनी विचारलं नाही. मी मनाशी ठरवलंय, छापून येऊ दे, मग सावकाश कळेल.

२७ मे

झालं ते क्रमानं लिहिते.

आज प्रात्यक्षिकासाठी नायट्रेटचं प्रमाण-द्रावण करायचं होतं, म्हणजे उपकरणाचं माप जुळवायला आपण मुद्दाम ठरल्या ताकदीचं करतो ते. नेहमीची बाटली संपली होती, नवीन वेगळ्या कंपनीची आली होती. मी ओतायला घेतलं तर गाळणी पलीकडून ओरडली, "अगं थांब! ही नायट्रोजनच्या हिशोबाची आहे. आपली नेहमीची नव्हे. साडेचारपट चुकशील."

नायट्रेट दोन तऱ्हांनी लिहितात. एक तर अख्ख्या नायट्रेटचं वजन, नाही तर त्यातल्या नुसत्या नायट्रोजनचं. शेंगा टरफलासकट तोलल्या की नुसते दाणे तोलले, तसं. माल तोच, आकडा वेगळा. जवळजवळ साडेचारपट वेगळा. मी हे दर वर्षी पहिल्या वर्गाला शिकवते. फळ्यावर लिहिते. अधोरेखित करते.

साडेचारपट.

मी बाटली खाली ठेवली आणि टेबलाशी जाऊन बारकीचा पेपर उघडला. तक्ता. तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: सर्व नायट्रेट मूल्ये नायट्रोजनच्या स्वरूपात.

तिचे सहा पूर्णांक आठ म्हणजे माझे तीस. तिचे साडेचार म्हणजे माझे वीस. आठ म्हणजे छत्तीस. एकूण एक विहीर जुळते. इतके जुळतात की मला वाटलं मीच तिचे उतरवून घेतलेत.

गाळणीनं विचारलं, "बरं नाही वाटत का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. घरी आले.

२८ मे

रजा टाकली. बारकीचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. फार चांगला आहे, मेलीचा. मला असा लिहिता येणार नाही.

आणि टिपांसकट! टिपांसकट वाचलास का, असं तिनं विचारलं होतं. तिला माहीत होतं! पेपर तपासायला तिच्याकडेच गेला असणार, मला तेच हवं होतं, आणि गेला, आणि तिनं बघितलं, आणि ओट्याशी उभी राहून शांतपणे कांदे चिरत बसली. सख्खी नणंद ना तू? सरळ तोंडावर नाही का सांगायचं, वहिनी तू माती खाल्लीस म्हणून? मला खड्ड्यात पडताना बघायचं होतं तिला. असा संताप आलाय की भिंतीवर काहीतरी फेकावंसं वाटतंय, पण फेकण्यासारखं काही स्वस्त घरात नाही.

३० मे

गाळणीला सगळं सांगितलं. ती ओठ दातांत धरून ऐकत होती, हसू दाबत होती की काय देव जाणे.

मी म्हटलं, "आणि ती गप्प बसली!"

गाळणी म्हणाली, "बसावंच लागतं. तपासायला आलेल्या पेपरबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा नियम तुला मी सांगायचा का? नातं आहे म्हणून तिनं नकार कळवला असेल, पण तरी तोंड बंदच ठेवायचं. ती बोलली असती तर तिची नाचक्की झाली असती. नियमात राहून जेवढं सुचवता येतं तेवढं सुचवलं बिचारीनं. मागे घेता येतो म्हणाली, टिपा वाच म्हणाली. आणखी काय, अंगावर लिहून यायचं होतं का?"

म्हणजे ह्यातही तिचंच बरोबर. हे मला सगळ्यांत लागलं. आकडे तिचे बरोबर, वागणं तिचं बरोबर, आणि नवऱ्याशी भांडले ते फुकटच. चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर.

"ती दोन पानं काढून टाक," गाळणी म्हणाली. पण शीर्षक तेच, सारांश तोच, आलेख तोच, ठळक मुद्दे तेच. ते काढलं तर नुसतं खोड उरतं.

२ जून

आज सबंध दिवस एकच विचार. परीक्षकांना दिसलं नाही. संपादकांना दिसलं नाही. धाडसी म्हणाले. मी गप्प बसले तर छापून येईल. कधीतरी कुणीतरी शोधेल, किंवा शोधणारही नाही. जुन्या पेपरांतल्या टिपा कोण वाचतं, मी स्वतः पुरावा आहे. आणि बारकी? ती बोलणार नाही. ती नियम पाळणारी.

जेवताना आई म्हणाल्या, "आला की मला एक प्रत छापून दे हं. मोठ्या अक्षरात. मला वाचायचंय." मी ताक वाढायला उठले. आईंनी चष्मा लावून वाचायचं, की सून सांगते मुलगी खोटी आहे, आणि तेही खोटं!

एकदाच तर गालावरून हात फिरला होता.

५ जून

सकाळी अंघोळ करून, जणू देवळात जायचंय अशी तयारी करून बसले आणि संपादकांना लिहिलं. तुलनेत माझी चूक झाली आहे, आधीच्या अभ्यासातली मूल्यं बरोबर आहेत, पेपर मागे घेत आहे. मला चार ओळी पुरल्या. 

मग आईंकडे गेले. त्या खिडकीशी बसून नखं कापत होत्या.

"आई, तो पेपर नाही छापून येणार. मी मागे घेतला."

"का?"

"त्यात चूक होती. मी लिहिलं होतं की बारकीचे आकडे चुकीचे आहेत. ते बरोबर आहेत."

आईंचा हात थांबला. "तुझ्या पेपरात बारकी चुकली असं होतं?"

"हो."

"आणि मी दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगत सुटले?"

"हो."

त्यांनी नेलकटर मांडीवर ठेवला. मला वाटलं आता काय बोलतात कोण जाणे. त्या म्हणाल्या, "चूक बारकीनं काढून दिली का तुला?"

"नाही. माझी मी शोधली."

"नक्की?"

"आई!"

"बरं बरं," त्या म्हणाल्या आणि नखं कापायला लागल्या. मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाल्या, "दूधवाल्याला काही सांगायची गरज नाही. त्याला काय कळतंय त्यातलं." हे समजून घेणं होतं की लाज झाकणं, ठरवता आलं नाही.

६ जून

दुपारी बारकीचा फोन.

"वहिनी, पेपर मागे घेतलास? दादा म्हणाला." ह्या वेळी खरंच त्यानंच सांगितलं होतं.

"घेतला."

"म्हणजे आता मी बोलू शकते?"

"बोल." मी पलंगावर बसून घेतलं. म्हटलं, ऐकायचंच आहे तर बसून ऐकू.

आणि ती ओरडली. बारकी कधी ओरडत नाही, लहानपणीही नुसती फुरंगटून बसायची. "मला तपासायला आला होता तो! नातं आहे म्हणून नाही म्हटलं मी, पण सारांश आधीच दिसतो ना! सात ओळी माझ्यावर होत्या वहिनी, सात! विहिरींवर एक!"

"तुला चुकीचं ठरवलं म्हणून राग आला ना?"

"आला ना, का नाही येणार! एक दिवस आला. तुझं नाव बघून रडले पण. मग मी तो सारांश परत परत वाचत बसले, की विहिरींचं काय झालं ते हिनं कुठे लिहिलंय. नव्हतंच. अगं, मी एकदा माणसं पाठवून बाटल्या भरून आणल्या, माझं झालं. तू नऊ वर्षं जातेयस. ते फक्त तुलाच सांगता येईल. पाणी सुधारतंय की बिघडतंय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वहिनी? सांग ना. सुधारतंय की बिघडतंय?"

मी तोंड उघडलं आणि मला उत्तर येईना. तिला खिजवायचं म्हणून नव्हे. खरंच माहीत नव्हतं. नऊ वर्षांचे आकडे मी एकत्र कालवून प्रत्येक विहिरीचा एकच आकडा केला होता, तिच्या काडीशेजारी उभी करायला एक काडी. वर्षामागून वर्ष मांडून बघितलेच नव्हते.

"बघून सांगते," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि तिथल्या तिथे मांडायला बसले. वर्षं आडवी, नायट्रेट उभं, एकेक विहीर सुटी. अंधार पडायच्या आत झालं. बिघडतंय. जवळपास सगळ्यांत हळूहळू वर चाललंय, आणि तीन विहिरी गेली दोन वर्षं पिण्याच्या मर्यादेच्या वर आहेत. सरासरीत त्या शहाण्यासारख्या खाली बसल्या होत्या. त्या तिन्हींवर मी स्वतः बाटल्या भरायला जाते. तिथल्या बायका मला कळशीतलं पाणी प्यायला देतात, कडेवर पोरं असतात त्यांच्या. उद्या पहिल्यांदा त्यांच्याकडे जायचं, पेपर नंतर.

इतकी वर्षं बाटल्या घेऊन फिरतेय. घरात, कॉलेजात, कुणी मला हे विचारलं नव्हतं. मी स्वतःला विचारलं नव्हतं. आणि पहिल्यांदा विचारलं कुणी, तर हिनं! जगात दुसरं माणूस मिळालं नाही? अजून जळतंय माझं, खोटं कशाला लिहू. पण आता डायरी मिटते आणि तिला फोन लावते, ती उत्तराची वाट बघत असेल.